"मोठा झाला की येईल वाचायला" हे किती वर्षं ऐकायचं? (पाचवीतला मुलगा, ठाणे)

सायली_खारेगाव:
नमस्कार मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं पण काल रात्री परत रडारड झाली घरात म्हणून लिहितेय. मुलगा पाचवीत आहे, सेमी इंग्लिश. सीनियर केजी आणि पहिली दोन्ही घरात मोबाइलसमोर गेली त्यामुळे दुसरीत तो एकेक अक्षर लावत वाचायचा तेव्हा बाई म्हणाल्या लॉकडाऊनची बॅच आहे, सगळ्यांचंच तसं आहे, होईल. तिसरीत म्हणाल्या मुलगे जरा उशिराच वाचतात. चौथीत म्हणाल्या घरी सराव कमी पडतोय. आता तीच लॉकडाऊनची बॅच धडाधड वाचते आणि हा अजून ओळीखाली बोट ठेवून.

वाचता येत नाही असं नाही हं. येतं, पण परिसर अभ्यासाच्या एका पानाला अर्धा तास लागतो आणि पान संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते विसरलेला असतो. मी वाचून दाखवलं की एकदाच ऐकून सगळं सांगतो. चौथीचा शिवाजी महाराजांचा इतिहास तोंडपाठ, किल्ले नकाशावर बोट ठेवून दाखवायचा, आणि पेपरात "परतापगड", "आग्याहून सुटका". बाईंनी उत्तराला मार्क कापले आणि खाली लाल पेनने लिहिलं, शुद्धलेखन सुधारा. दहा दहा वेळा लिहून घेतलं मी. दहाव्या वेळी बरोबर येतं, सोमवारी परत तेच.

सासूबाई म्हणतात ह्याचे बाबा पण असेच होते, आठवीत गेल्यावर आपोआप सुधारले. म्हणून विचारतेय, हे खरंच आपोआप जातं का? ज्यांची मुलं आता मोठी आहेत त्यांनी प्लीज सांगा.

विजूतात्या:
सायली, काळजी करू नकोस. आमच्या वेळी डिस्लेक्सिया वगैरे असली नावं नव्हती, मास्तर पाटीवर गिरवून घ्यायचे, रोज शुद्धलेखनाचं एक पान, आणि सगळे शिकले. आताची मुलं मोबाइलमुळे वाचतच नाहीत हे मूळ कारण. रोज पेपरमधला अग्रलेख मोठ्याने वाचून घे त्याच्याकडून, वर्षभरात फरक दिसेल. मुलं आहेत, आपापल्या वेळेने फुलतात.

पाटीपेन्सिल:
तात्या, मी १९८४ ते २०१९ पालिकेच्या शाळेत शिकवलं, वागळे इस्टेटच्या बाजूला. तुमचा मान ठेवून सांगते, सगळे नव्हते शिकले. ते वर्गातून गेले. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक वर्गात तीनचार मुलं अशी असायची जी चौथीतही जोडाक्षराशी अडकायची, फळ्यावरचं उतरवून घ्यायची पण मी सांगितलेलं लिहायला हात उचलायचा नाही. सातवीला नापास झाली की बाप घेऊन जायचा, इस्टेटीत कुठल्यातरी कंपनीत हेल्पर म्हणून चिकटायची. आपल्याला वाटतं तेव्हा असली मुलं नव्हती, कारण दहावीच्या फोटोत ती दिसत नाहीत.

मी पण त्यांना म्हणायचे, होईल हळूहळू. दुसरीच्या बाईंनी तिसरीच्या बाईंवर ढकलायचं, तिसरीच्यांनी चौथीवर. एकच मूल आपल्या हातात एक वर्ष असतं ना, त्यामुळे पुढे काय झालं ते आपल्याला दिसतच नाही. मला दिसलं कारण त्यातला एक मुलगा पुढे माझ्याच शाळेत आपल्या मुलीला घालायला आला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवून म्हणाला बाई तुम्हीच भरा. अतिशय हुशार मुलगा होता तो, आज त्याचं स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे. पण फॉर्म नाही भरला त्याने. तीस वर्षांनी.

सायली, आपोआप जात नाही गं. वाट नको बघूस.

अनघा_नेरुळ:
मी स्पेशल एज्युकेटर आहे, नवी मुंबईत सोळा वर्षं रेमेडियल (वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणं) घेतेय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

तात्या म्हणाले ते "आपापल्या वेळेने" हे फार जुनं मत आहे आणि ते नीट तपासलं गेलंय. प्रश्न असा होता की ही मुलं नुसती उशिरा पोचतात, की अंतर राहतंच? अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये सॅली आणि बेनेट शेविट्झ ह्या येलच्या डॉक्टर दांपत्याने १९८३ मध्ये बालवाडीतली ४४५ मुलं निवडली, वर्ग बघून नाही, राज्यभरातून, आणि दरवर्षी त्यांचं वाचन तपासत राहिले, ती मुलं मोठी होईपर्यंत. त्यात दिसलं की ज्यांना वाचन जड जातं ती मुलंही दरवर्षी पुढे जातात, थांबत नाहीत, पण बाकीच्यांना गाठत नाहीत. आणि पुढच्या विश्लेषणात दिसलं की ते अंतर पहिलीतच पडलेलं असतं आणि किशोरवयात पण तसंच असतं. आईबापांची गफलत इथेच होते, आपण आपल्या मुलाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करतो, सुधारणा दिसते, मग वाटतं येतंय की.

त्यात अजून एक गोष्ट होती. शाळेने हेरलेल्यांत मुलगेच खूप जास्त होते, पण सगळ्या मुलांची चाचणी घेतल्यावर मुली जवळजवळ तितक्याच निघाल्या. गप्प बसणारी मुलगी कोणाच्या लक्षात येत नाही. "मुलगे उशिरा वाचतात" म्हणून मुलांना थांबवतात आणि मुलींकडे बघतच नाहीत, नुकसान दोघांचं.

१९८८ मध्ये कॉनी ज्यूएल ह्यांनी टेक्ससमधल्या ५४ मुलांवर अभ्यास केला होता, पहिली ते चौथी. पहिलीच्या शेवटी जे मूल वाचनात मागे होतं ते चौथीच्या शेवटी पण मागेच असण्याची शक्यता १०० पैकी ८८.

आता कोणीतरी म्हणेल ते इंग्रजी आहे, इंग्रजीचं स्पेलिंगच वेडंवाकडं, मराठी तर बोलतो तसं लिहितो. हे मला पालक आठवड्यातून एकदा तरी सांगतात. जर्मन पण बरीचशी बोलतात तशी वाचतात. ऑस्ट्रियात लांडर्ल आणि विमर ह्यांनी ११५ मुलांना पहिलीपासून आठवीपर्यंत जवळजवळ ८ वर्षं तपासलं (२००८ मध्ये आलं ते). तिथे चुकीचं वाचणारं असं कोणीच फारसं नव्हतं, अक्षरं बरोबर लावायची सगळी. फरक वेगात होता. पहिलीत जी अडखळत वाचायची त्यातली ७० टक्के आठवीत पण हळूच वाचत होती. सायलीताई, तुम्ही "येतं पण अर्धा तास लागतो" लिहिलंत ना, ते अगदी हेच आहे. आपल्याकडे चुका मोजतात, वेळ कोणी मोजत नाही, म्हणून चौथीपर्यंत मूल सुटून जातं.

आणि मराठी सरळ आहे हे पण अर्धंच खरं. वेलांटी बघा, "कि" मध्ये लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. रफार म्हणायचा आधी, काढायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. र जोडाक्षरात आला की त्याची वेगवेगळी रूपं, "प्र", "ट्र", "र्य", "र्‍य", एकाच आवाजासाठी. ऱ्हस्व-दीर्घ तर आपल्या बोलण्यात आता धड ऐकूच येत नाही, ते डोळ्यांनी लक्षात ठेवावं लागतं आणि ह्या मुलांचं नेमकं तेच टिकत नाही. त्यात पाचवीत हिंदी येतं त्याच लिपीत. १९६२ पासूनच्या आपल्या नियमांप्रमाणे मराठीत "कवी", "गुरू" दीर्घ, हिंदीच्या तासाला "कवि", "गुरु" ऱ्हस्व. मराठीत पाणी, हिंदीत पानी. चांगल्या मुलाला त्याचं काही वाटत नाही, आपल्या मुलाला मात्र दोन्हीकडे लाल पेन.

माझ्याकडे जुन्या मुलांच्या वह्या आहेत, आईवडिलांना विचारून ठेवलेल्या. एकाच मुलीची दुसरीची आणि आठवीची वही शेजारी ठेवून दाखवते मी पालकांना. दुसरीत "कमळ" चं "मकळ", काना गायब, शब्दांत जागा नाही. आठवीत हे सगळं गेलंय, अक्षर छान, पण "आशिरवाद", "स्वातंत्र", "परीस्थिति", आणि वाक्यं सगळी चारपाच शब्दांची कारण जो शब्द लिहिता येणार नाही तो ती वापरतच नाही. बोलताना "दुष्काळग्रस्त" म्हणणारी मुलगी लिहिताना "पाऊस नाही पडला ते गाव" लिहिते. लोकांना वाटतं अडचण गेली. ती गेली नाही, तिने रूप बदललं.

अद्वैत_कोपरी:
अनघाताई माहितीबद्दल आभार, पण मला दोन गोष्टी खटकतात. ७० टक्के राहिले म्हणजे ३० टक्के बाहेर आले ना? मग सगळ्यांनाच आठ वर्षांच्या वयात शिक्का मारून काय मिळवायचं? माझ्या भाच्याला तिसरीत एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, शिकण्यातली अडचण) म्हणून सांगितलं, त्याने त्या दिवसापासून प्रयत्नच सोडले, "मला तर एलडी आहे" म्हणतो. दुसरं, कोविडच्या दोन वर्षांमुळे खरंच मागे पडलेली मुलं आणि ही मुलं वेगळी कशी ओळखायची? सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतोय आपण असं वाटतं.

अनघा_नेरुळ:
अद्वैतदादा, दोन्ही प्रश्न योग्य आहेत. दुसरा आधी घेते. ज्याला शिकवलंच गेलं नव्हतं ते मूल नीट शिकवायला लागलं की पटापट उचलतं, सहाएक महिन्यांत कळतं. माझ्याकडे २०२२ मध्ये लोंढा आला होता, त्यातली बरीच दिवाळी ते मे एवढ्यात मोकळी झाली, मीच पालकांना सांगितलं आता येऊ नका. जी तेवढंच शिकवूनही इंचाइंचाने सरकतात त्यांची तपासणी करायची. म्हणजे वाट बघायची नाही, शिकवून बघायचं. सायलीताईंच्या मुलाच्या वर्गाने तर हे उत्तर देऊन टाकलंय, तीच बॅच, तीच दोन वर्षं बुडालेली, बाकीचे पुढे गेले.

आता ते ३० टक्के. हो, काही बाहेर येतात, आणि उलटं पण होतं, तिसरीपर्यंत ठीक वाटणारी काही मुलं चौथीत मजकूर वाढला की पहिल्यांदा अडकतात. हे आकडे म्हणजे कपाळावरची रेघ नाही, साधारण जे शिकवतात त्यात काय होतं ते सांगणारे आहेत. वेगळं शिकवलं तर? अमेरिकेत टॉर्गेसेन ह्यांनी २००१ मध्ये छापलं, ८ ते १० वयाची ६० मुलं, एका मुलाला एक शिक्षक, आठ आठवड्यांत साडेसदुसष्ट तास. अचूक वाचणं आणि समजणं खूप सुधारलं आणि दोन वर्षांनीही टिकलं. वेग मात्र तेवढा नाही भरून आला. मला ह्यातून एवढंच कळतं की उशिरा सुरू केलं तरी फायदा होतोच पण वेगाचं कर्ज राहतं, ते साचायच्या आत पहिली-दुसरीत धरलं तर बरं.

भाच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. त्याला नाव सांगितलं गेलं आणि पुढे काय करायचं ते नाही सांगितलं बहुतेक. पण शिक्का नसतो तेव्हा मूल कोरं राहत नाही हो, ते स्वतःच स्वतःला नाव देतं, "ढ". माझ्याकडे येणारं प्रत्येक मूल ते नाव घेऊनच आलेलं असतं.

रबाळे_शिफ्ट:
मी कधी लिहित नाही इथे, वाचतो पण नाही जास्त, बोलून टाईप करतोय म्हणून काही चुकलं तर समजून घ्या. वय ३९, ऐरोलीला राहतो, एमआयडीसीत मेंटेनन्स सुपरवायझर. दहावी २००२ ला, ४१ टक्के, मराठी आणि इंग्रजी काठावर. आयटीआयला फिटर मध्ये प्रॅक्टिकलला पहिला.

सगळे विचारतात मोठं झाल्यावर काय होतं म्हणून सांगतो. मोठं झाल्यावर लपवता येतं. शिफ्टचं लॉगबुक भरायला लागतं रोज, माझ्याकडे मोबाइलमध्ये पस्तीस चाळीस वाक्यं सेव आहेत, "बेअरिंग बदलले", "ऑइल लेव्हल तपासली", ती बघून उतरवतो. काही वेगळं झालं तर पोराला सांगतो तू लिही माझे हात ग्रीसचे आहेत. हात मुद्दाम पुसत नाही. मेल आली की वॉशरूमला जाऊन दोनदा ऐकतो, आता फोन वाचून दाखवतो ते फार बरं झालं. प्रमोशन दोनदा सोडलं कारण वर रिपोर्ट लिहायला लागतात. घरी सांगितलं जबाबदारी नको म्हणून.

वाचन तसं सुधारलं वयाबरोबर, स्टेशनवरच्या पाट्या, वापरातले शब्द लगेच कळतात. नवीन माणसाचं आडनाव आलं की परत पहिलीत जातो मी. आणि लिहिणं नाही सुधारलं, अजिबात नाही. बायकोला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं.

मुलगी पहिलीत असताना "ब" आणि "व" मध्ये अडकायला लागली, शब्दाचे तुकडे पाडता येईनात, मला एकदम कळलं, कोणी सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांची होती तेव्हापासून रेमेडियलला जाते, वाशीला, आठवड्यातून दोनदा. आता तिसरीत आहे. हळू वाचते पण वाचते, आणि पुस्तक बघून पळत नाही. मी त्या वयात दप्तर बघून उलटी करायचो.

ताई तुमच्या मिस्टरांना एकदा विचारा ते मेसेज लिहितात की व्हॉइस पाठवतात.

पाटीपेन्सिल:
रबाळे दादा, तुमची पोस्ट तीनदा वाचली. माझ्या वर्गात होतात की काय असं वाटलं. मोठ्या मनाने लिहिलंत.

घणसोलीची_नीता:
माझी मुलगी २०२३ ला दहावी झाली म्हणून कागदपत्रांचं सांगते, कारण त्यात आमची दोन वर्षं गेली. तिचं सातवीत कळलं, तोपर्यंत "गोड आणि शांत मुलगी" असाच शेरा यायचा. शाळा म्हणाली आमच्याकडे असं मूल नाही, सर्टिफिकेट आणल्यावर म्हणाली बोर्डाचं आम्हाला माहीत नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या सवलती १९९६ पासून आहेत! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर लर्निंग डिसॅबिलिटी नाव घालून आलीय. तरी दरवेळी आपणच कागद घेऊन जायचं.

सर्टिफिकेट सरकारी किंवा पालिकेच्या ठरलेल्या हॉस्पिटलचंच चालतं, खासगी रिपोर्ट शाळेला दाखवायला ठीक पण बोर्डाला नाही. आम्हाला तारखेसाठीच पाच महिने थांबावं लागलं म्हणून नंबर आधी लावून ठेवा. डोळे, कान, आयक्यू आणि मग वाचन-लेखन-गणित अशा तीनचार फेऱ्या होतात. नवी मुंबईकरांनी वाशीच्या पालिकेच्या ईटीसी केंद्रात (दिव्यांग मुलांसाठीचं केंद्र) आधी विचारावं. २०१८ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे आठ वर्षं पूर्ण झाल्यावर पहिलं सर्टिफिकेट, मग १४ व्या वर्षी परत तपासणी आणि १८ व्या वर्षी परत, ते १८ चं कायमचं. मला तेव्हा राग आला होता की परत परत का, पण मग लक्षात आलं, सरकारी कागदालाही माहीत आहे की हे आठव्या वर्षी संपत नाही.

दहावीला तिला तासाला २० मिनिटं जादा मिळाली, शुद्धलेखनाच्या चुकांचे मार्क कापत नाहीत, रायटर मिळत होता पण तिने नको म्हटलं. ६८ टक्के. आता डिप्लोमा करतेय. व्हॉट्सॅपवर अजून "मि निघले" लिहिते, आणि मी काही बोलत नाही.

विजूतात्या:
पाटीपेन्सिल बाई आणि रबाळेकर, तुमचं वाचून रात्रभर विचार केला. माझा धाकटा भाऊ चौथीनंतर शाळेत गेला नाही, आम्ही त्याला आळशी म्हणत आलो. तो आता नाही. सायली, मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. अग्रलेख नको वाचायला लावू त्याला.

सायली_खारेगाव:
तात्या असं नका म्हणू, तुम्ही काळजीनेच लिहिलं होतं. सगळ्यांचे किती आभार मानू. अनघाताई, तपासणीला वेळ लागणार तर तोपर्यंत घरी काय करू? दहा दहा वेळा लिहून घेणं बंद करू का?

अनघा_नेरुळ:
बंद करा, आजपासून. ते हाताचं काम होतं, डोकं त्यात नसतं, म्हणून सोमवारी उडतं.

रोज पंधराच मिनिटं, पण रोज. शब्द आधी तोंडाने फोडायचा, टाळ्या वाजवत, मग प्रत्येक तुकड्यातले आवाज, "प्र-ता-प", प्र मध्ये काय काय ऐकू येतं, मगच लिहायचा. एका आठवड्यात जोडाक्षराचं एकच घराणं घ्या, फक्त खालचा र म्हणजे प्र क्र ग्र, रफार पुढच्या आठवड्यात, दोन्ही एकत्र अजिबात नको. वाचायला एक छोटा परिच्छेद, आधी तुम्ही वाचा, मग दोघं बरोबर, मग तो एकटा, तोच परिच्छेद तीनचार दिवस. नवीन नवीन देत राहिलात तर त्याला कधीच सहज वाचल्याचा अनुभव येत नाही. आणि इतिहास, परिसर अभ्यास हे कानाने होऊ द्या, तुम्ही वाचून दाखवा, त्याची समज वाचनाच्या वेगाला बांधून ठेवू नका. शाळेला एक पत्र द्या की उत्तर तोंडी घ्यावं किंवा शुद्धलेखनाचे मार्क वेगळे ठेवावेत, मिळेल न मिळेल, पण लेखी द्या.

तपासणीला जाल तेव्हा मराठीत चाचणी घेतात का ते विचारा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली म्हणून चाचण्या तयार केल्यात, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी. सेमीच्या मुलाला फक्त इंग्रजीतून तपासलं तर अर्धंच चित्र कळतं.

आणि बाबांबद्दल रबाळे दादा म्हणाले ते खरंच विचारा. आईबाबांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता निम्म्याच्या जवळपास जाते. दोष म्हणून नाही, माहिती म्हणून लागते ती.

सायली_खारेगाव:
तीन आठवड्यांनी अपडेट देतेय. हॉस्पिटलची तारीख मार्चची मिळाली. तोपर्यंत वाशीला एका ताईंकडे प्राथमिक तपासणी करून घेतली, त्यांनी मराठीत पण घेतली. वाचनाचा वेग तिसरीच्या सुरुवातीचा, ऐकून समजणं सातवीचं. मी तो कागद किती वेळ बघत बसले होते.

मिस्टर सुट्टी काढून आले होते. घरातल्या कोणाला होतं का विचारलं तर मी काही बोलायच्या आधी ते म्हणाले, मला आहे. होतं नाही म्हणाले, आहे म्हणाले. आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली. ऑफिसचा प्रत्येक मेल पाठवायच्या आधी मोबाइलमध्ये बोलून लिहितात आणि मग तिकडे चिकटवतात, मला वाटायचं सवय आहे.

येताना ट्रान्सहार्बरच्या गाडीत मुलाने विचारलं, बाबा तुम्ही अजून अडकता? म्हणाले हो. तो म्हणाला कुठल्या शब्दाला? मग दोघं ठाणे येईपर्यंत एकमेकांना आपापले शब्द सांगत होते. "आशीर्वाद" दोघांच्या यादीत आहे.

मंगळवार-शुक्रवार क्लास सुरू झालाय. आता एक मदत हवी होती, पाचवीच्या परिसर अभ्यास भाग १ आणि २ चे धडे कोणी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेले असतील तर मला पाठवाल का? मी मराठीचे पहिले सहा धडे केलेत, ज्यांना हवेत त्यांनी विपू (विचारपुशीत मेसेज) करा, मी पाठवते.

विजूतात्या:
सायली, भाग २ मी वाचून देतो. दिवसा मोकळाच असतो, आवाज अजून चांगला आहे. पुस्तक कुठे मिळेल तेवढं सांग.